शेवटचा दोर

शिडी अर्धी चढून झाल्यावर आई थांबली, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि मागे न बघता म्हणाली,

"ताई, एकदा म्हणून दाखव."

"अगं, गाडीत किती वेळा म्हटलं."

"परत म्हण."

ताई म्हणजे तिची लेक. धाकटा भाऊ ताई म्हणायचा म्हणून आईबापही तिला ताईच म्हणायला लागले, आणि तो गेल्यावरही ते तसंच राहिलं. ताईने खाली पाहिलं. शिडीच्या तळाशी दोन अधिकारी आणि बँडमधला एक तुतारीवाला वर यायला खोळंबले होते. तुतारीवाला नळीत फुंकर मारून मारून कंटाळला होता. ताई आईच्या कानाशी वाकली आणि भावाचं नाव हळू आवाजात म्हणाली: आधी हुद्दा, मग नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. आईने ओठ हलवले. सगळं जिथल्या तिथे आलं.

"आलं की," ताई म्हणाली. "चल आता, लोक ताटकळलेत."

"इथं येतं गं. माइकसमोर आलं पाहिजे."

वर जहाजाच्या अंगावर तेच नाव माणसाहून उंच अक्षरांत लिहिलेलं होतं. सैन्याचा माल वाहणारं जहाज ते. रणगाडे, ट्रक, तंबू, पिठाची पोती, औषधं, जे म्हणाल ते त्याच्या पोटात भरायचं आणि ते निमूटपणे समुद्रापलीकडे नेऊन पोचवायचं. वीसेक वर्षं हेच काम केलं. आता लोखंड थकलं होतं. आज झेंडा उतरवायचा, नावावर रंग फिरवायचा आणि मग एक टगबोट त्याला ओढत तोडायच्या जागी नेणार. त्याआधी आईने एकच वाक्य बोलायचं होतं. मुलाचं पूर्ण नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "या जहाजाची सेवा आज पूर्ण झाली." एवढंच. पण आईला गेले कित्येक दिवस झोप नव्हती.

कारण त्या नावाशी तिचं कधी जमलंच नाही. ते शाळेच्या हजेरीचं नाव होतं. घरात तो मुंगळा होता. रांगायला लागल्यापासून स्वतःहून मोठी वस्तू दिसली की तिला धरून ओढायचा. स्टूल ओढायचं, बादली ओढायची, बापाची एक चप्पल दिवसभर घरभर फिरवायची. एकदा वडील बाहेरगावी निघाले होते, तर त्यांची भरलेली बॅग ओढत त्याने दारापर्यंत आणली आणि तिच्यावरच झोपून गेला. वडिलांची गाडी चुकली. चिडायचं सोडून ते म्हणाले, "मुंगळा आहे लेकाचा." तेव्हापासून तो मुंगळा. सैन्यात गेल्यावर फोन करायचा तेव्हाही सांगायचा, "आई, मुंगळा बोलतोय."

पुढे त्याने पेटलेल्या ट्रकमधून आपली माणसं एकेक करून ओढून बाहेर काढली आणि शेवटच्यासाठी पुन्हा आत शिरला तो आलाच नाही. ऐकून सगळ्यांना नवल वाटलं. आईला नाही वाटलं.

बातमी घेऊन दोन वर्दीवाले दाराशी आले तेव्हा त्यांनी तेच लांबलचक नाव घेतलं. आईने अगदी अदबीने सांगितलं, "नाही हो, तुम्ही घर चुकलात. असं कुणी नाही इथं. कोपऱ्यावर विचारा." आणि दार लावायला लागली. दोघांतला तरुण होता तो खाली बघत उभा राहिला. मग तिच्या ध्यानात आलं. त्या दिवसापासून ते नाव कुणी घेतलं की तिला दाराशी उभे ते दोघे दिसायचे.

त्याच्या आधीची शेवटची सुट्टी. निघताना त्याची घाई चालली होती. फाटकातून हात हलवून ओरडला, "जातो गं!"

आईने त्याला तिथून परत बोलावलं होतं. "जातो काय म्हणतोस? येतो म्हण."

तो पाठीवरच्या सामानासकट परत आला, उंबऱ्याला पाय लावला आणि म्हणाला, "येतो. येतो. येतो. झालं समाधान?"

"मुंगळ्या, ये रे," ती म्हणाली होती. वडील मागे उभे होते. हसत होते.

मग त्याच्या नावाचं जहाज बांधून झालं आणि पाण्यात सोडायचा दिवस आला. तेव्हाही आईकडे एकच वाक्य होतं. उंच चौथऱ्यावर ती उभी, समोर माइक, आजूबाजूला छातीभर पदकं लावलेली मोठमोठी माणसं. बाटली फोडायची आणि नाव घ्यायचं. बाटली फुटली. पण तिने तोंड उघडायच्या आत कुणीतरी खालचा आधार काढला आणि ते अवाढव्य धूड करकरत मागे सरकायला लागलं. उताराने खाली, पाण्याच्या दिशेने, कुणी धरलेलं नाही, आवरलेलं नाही. आईला दुसरं काही सुचलंच नाही.

"मुंगळ्या, हळू! पडशील!"

माइक चालू होता. सगळ्या गोदीत ते घुमलं. आणि एकदम हशा पिकला. वाईट मनाने कुणी हसलं नसेल, पण हसले ते हसलेच. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातही आलं.

मुलाचे वडील वजनमापं तपासायच्या खात्यात होते. आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासले आणि बोलणंही तोलूनमापून केलं. परतताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "त्याचं नाव काय होतं, ते तरी आठवतं का तुला?"

ते पुढे कधी त्याबद्दल बोलले नाहीत आणि तिनेही कधी उत्तर दिलं नाही. घरात मुंगळा हा शब्दच बंद झाला. अळीमिळी गुपचिळी. जहाज बंदरात यायचं किंवा सुटायचं असलं की वडील इस्त्रीचा शर्ट घालायचे, टोपी घ्यायचे, "जरा येतो" म्हणायचे आणि एकटे निघायचे. आल्यावर बूट सोडता सोडता सांगायचे, "लागलं व्यवस्थित." किंवा, "सुटलं." एवढंच. तिला कधी चल म्हणाले नाहीत, आणि म्हणाले असते तरी ती गेली नसती. ज्या जागी आपल्यामुळे पोराचं हसं झालं तिथं तोंड कसं दाखवायचं?

गेल्या थंडीत वडील गेले. आणि महिन्याभराने फोन आला की जहाज निवृत्त होतंय, शेवटचं वाक्य आईंनीच बोलावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. ताईला वाटलं ती नाहीच म्हणेल. आई म्हणाली, "येते म्हणून सांग. यावेळी बरोबर म्हणणार आहे."

वर कप्तान वाट बघत होता. पोरसवदा, ताईहूनही लहान. त्याने वाकून नमस्कार केला आणि समारंभाला वेळ आहे म्हणून दोघींना खाली खलाशांच्या जेवणघरात नेलं. जमिनीला घट्ट ठोकलेली टेबलं, गोल खिडक्या, भिंतीवर काढून नेलेल्या चित्रांच्या जागी फिकट चौकोन. खलाशांचा म्होरक्या, म्हणजे टंडेल, स्वतः चहा घेऊन आला. पांढऱ्या मिशांचा, रुंद हातांचा माणूस. त्याने चहाचे दोन जाड मग टेबलावर ठेवले आणि मागे हटून उभा राहिला.

आईने आपला मग उचलला. मगाच्या अंगावर काळ्या तैलरंगात एक किडा काढला होता. सहा पाय, पुढे दोन मिशा आणि डोक्यावर स्वतःहून मोठा एक खोका. तिने ताईच्या मगाकडे पाहिलं. तिथंही तोच. फडताळावर उपडे घातलेले सगळे मग, दाराशी टांगलेली शिरस्त्राणं, पंख्याखालची पेटी, जिकडे बघावं तिकडे तोच.

"हे काय आहे?"

कप्तानाने टंडेलकडे पाहिलं आणि टंडेलने पायांकडे.

"ते... आमच्या लोकांचं आपलं काहीतरी," कप्तान म्हणाला. "जहाजाचं टोपणनाव आहे. फार जुनं. मी यायच्या आधीपासूनचं."

"काय टोपणनाव?"

"मुंगळा."

आईने हातातला मग खाली ठेवला. चहा टेबलावर सांडला.

"ताई, ऊठ."

"आई, थांब जरा—"

"ऊठ म्हणते ना! एकदा जीभ घसरली माझी. एकदाच. आणि इतकी वर्षं ही माणसं इथं चित्रं काढून हसतायत." ती स्वतः उठली होती. "मला नाही काही बोलायचं तिथं वर. तुमचं तुम्ही बोला."

"आई, हसत नाही हो कुणी," टंडेल पुढे होऊन म्हणाला. "शपथेवर सांगतो. कुणी हसलेलं नाही कधी."

"मग कुठून कळलं तुम्हाला? पेपरातून?"

"पेपर कोण वाचतंय आमच्यात? बाबांकडून कळलं."

"कुठले बाबा?"

"तुमचे यजमान. आम्ही सगळे बाबाच म्हणायचो त्यांना."

आई उभी होती ती तशीच राहिली. टंडेलने फडकं घेतलं आणि सांडलेला चहा पुसता पुसता बोलायला लागला, कारण नुसतं उभं राहून बोलणं त्याला जमत नव्हतं.

"जहाज सुटायचं ना, तेव्हा धक्क्यावरचे दोर एकेक करून सोडतात. शेवटचा दोर सोडायचं काम पहिल्यापासून माझं. खाली उतरून सोडायचा आणि धावत वर यायचं. बाबा बरोबर त्या शेवटच्या खुंट्यापाशी येऊन उभे राहायचे. टोपी काढायचे. आणि दोर सुटला की म्हणायचे, 'मुंगळ्या, ये रे.' मोठ्याने नाही. पण मी तिथंच असायचो, मला ऐकू यायचं."

ताईने आईचा हात धरला. आईने तो धरू दिला.

"एकदा मी विचारलं, बाबा, मुंगळा कोण? म्हणाले, 'घरून निघताना त्याची आई असं म्हणायची. तिला इथं येता येत नाही, म्हणून तिच्या वतीने मी म्हणतो.'"

"येता येत नाही म्हणाले?"

"हो. गुडघे दुखतात म्हणाले तुमचे."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत," आई म्हणाली.

टंडेल कसनुसा हसला. "ते बघितलंच आत्ता. शिडी चढलात की."

मग त्यानेच पुढचं सांगितलं. "एकदा ते आजारी होते बहुतेक. आले नाहीत. मी दोर सोडला, आणि सगळे आपले गप्प. वर कठड्याशी रांगेत उभे, पण कुणाचा पाय हलेना. असं कसं सुटायचं? शेवटी मीच ओरडलो. 'मुंगळ्या, ये रे!' तेव्हापासून रिवाजच पडला. किती कप्तान आले नि बदलले, पण दर वेळी तेच. बाबा असले तर बाबा म्हणायचे, नसले तर मी. आणि दर वेळी आलंय हो जहाज परत. तुफानातून आलंय. एकदा तर एका इंजिनावर लंगडत आलंय."

आई खुर्चीवर बसली. तिला नवऱ्याचा राग आला होता. घरी जावं आणि त्याला समोर बसवून विचारावं, इतकी वर्षं माझा शब्द तिथं धक्क्यावर नेऊन म्हणत होतास आणि घरात मला एका अक्षराने सांगता आलं नाही? निदान आजारी होतास त्या दिवशी तरी, अंथरुणातून, तू जाऊन म्हण एवढं सांगता आलं नाही? पण घरी खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. भांडायलाही माणूस उरला नव्हता. आणि मग तिच्या ध्यानात आलं की गाडीतला तो प्रश्न त्यालाही आयुष्यभर पुरला असणार. परत घेता न येणारं एक वाक्य, आणि त्याच्याऐवजी काय बोलायचं ते न सुचल्यामुळे इस्त्रीचा शर्ट, टोपी आणि "जरा येतो".

तिने चहाचा मग जवळ ओढला. मुंगळ्याच्या डोक्यावरच्या खोक्यावरून अंगठा फिरवला. उरलेला चहा गार झाला होता, तरी तिने तो सगळा प्यायला.

"चला," ती म्हणाली. "माइक कुठं आहे?"

डेकवर वारा होता. खलाशी रांगेत उभे होते, मोठी माणसं खुर्च्यांवर होती, तुतारीवाला आता घाबरून ताठ झाला होता. आई माइकसमोर गेली. ताईने तिच्या मागे उभं राहून नाव ओठांतल्या ओठांत धरून ठेवलं होतं, अडली तर पुरवायला.

आईला कठड्यावरून खाली धक्का दिसत होता. धक्क्याच्या टोकाला दोर गुंडाळलेला एक लोखंडी खुंटा होता. तिने तिकडे बघून नाव घेतलं. आधी हुद्दा, मग मुलाचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. सावकाश, एकेक अक्षर सुटं, जसं कुणी प्रश्न विचारल्यावर उत्तर देतात तसं. कुठे अडली नाही. "या जहाजाची सेवा आज पूर्ण झाली," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

झेंडा उतरला. तुतारी वाजली, मधे एकदा चुकली, आणि कुणीही हसलं नाही.

दुपारपर्यंत सगळे खाली उतरले. रंगारी दोरांनी टांगलेल्या फळीवर बसून नावावर करडा रंग फिरवत होता. एकेक अक्षर जात होतं. पण अक्षरांच्या कडा पोलादाने उठवलेल्या असतात, त्या काही रंगाने बुजत नाहीत. तिरक्या उन्हात नाव वाचता येत होतं. आई ते बराच वेळ बघत राहिली.

"दिसतंय अजून," ती म्हणाली.

"हो," ताई म्हणाली.

टगबोटीने पुढून साखळी ताणली. जहाजावर आता कुणीच नव्हतं. इंजिन बंद, खिडक्या अंधाऱ्या. धक्क्यावरचे लोक एकेक दोर सोडत आले. शेवटच्या खुंट्यापाशी टंडेल उभा होता. सवयीप्रमाणे त्याने दोराचा फास सैल केला, दोन्ही हातांनी उचलला आणि थांबला. खलाशी सगळे धक्क्यावरच उभे होते. सगळे आईकडे बघत होते.

"आई," टंडेल म्हणाला, "आज तुम्ही म्हणा."

आई पुढे गेली. खुंट्यापाशी उभी राहिली. इथूनच तर म्हणायचे ते. जहाज इतकं जवळ होतं की वर पाहिलं तर आभाळ दिसत नव्हतं.

"मुंगळ्या," ती म्हणाली.

पुढचा शब्द तोंडाशी आला होता. तो तिचाच होता, दुसऱ्या कुणाचा नव्हता. उंबऱ्यात उभं राहून तिने तो दिला होता आणि मग तिच्या नवऱ्याने, या माणसाने, न पाहिलेल्या कितीतरी पोरांनी तो सांभाळला होता. पण ज्याला तोडायला चालवलंय त्याला ये कसं म्हणायचं? आणि जो आलाच नाही त्याला तरी अजून किती बोलवायचं?

टंडेलचे हात दोराच्या वजनाने थरथरायला लागले होते.

"मुंगळ्या," आई परत म्हणाली. "जा बाळा. हळू जा."

ताईने चमकून तिच्याकडे पाहिलं. टंडेलच्या मिशा हलल्या. त्याने दोर सोडला. दोर धप्पकन पाण्यात पडला आणि जहाजाच्या अंगाला घासत ओढला गेला. मधलं पाणी रुंदावत गेलं.

लोक पांगायला लागले. मोठ्या माणसांच्या गाड्या गेल्या, बँडवाले आपापली पेटी उचलून निघाले. जहाज बंदराच्या तोंडाशी पोचलं, वळलं आणि पाठमोरं झालं. टंडेल काही पावलांवर टोपी हातात घेऊन उभा होता.

"आई, निघायचं का आपण?" ताईने विचारलं. "वारा फार सुटलाय."

आईने मागे हात नेऊन खुंटा चाचपला. लोखंड उन्हाने कोमट झालं होतं. ती सावकाश खाली टेकली, त्यावर बसली आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले.

"थांब जरा, ताई," ती म्हणाली. "गुडघे दुखतायत माझे."